एका ओळीला महिरप

"आभार मानतोय! वर तोंड करून आभार मानतोय!"

शरच्चंद्र लिमयांनी टेबलावर एवढ्या जोरात हात आपटला की वाटीतले स्क्रू लॅपटॉपवर उडाले. समोर बसून सातवीचे मराठीचे पेपर तपासणाऱ्या शरयूताईंनी मान वर न करताच विचारलं, "कोण आभार मानतोय?"

"हेन्रिक!"

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं? अगं, आधी आभार मानतो आणि मग लाथ घालतो. 'तुमच्या मोलाच्या योगदानाबद्दल मनःपूर्वक आभार. कृपया खालील अकरा गोष्टी सुधारा.' अकरा! मी ओळ किती लिहिली? एक!"

लिमये गेली तीस वर्षं माधवनगरात शेतीपंपांचे स्टार्टर दुरुस्त करत होते. पाचेक वर्षांपूर्वी त्यांनी काळाची पावलं ओळखली आणि मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारे डबे बनवायला घेतले. डबा त्यांचा होता, पण डब्याचा मेंदू मात्र जगाचा होता. वेगवेगळ्या देशांतल्या हौशी लोकांनी मिळून तो प्रोग्राम लिहिला होता. कुणीही फुकट घ्यावा, चूक सापडली तर कुणीही दुरुस्ती सुचवावी, आणि कारभाऱ्यांनी ती तपासून सगळ्यांसाठी आत घ्यावी, असा तो मोकळा मामला होता. निदान लिमयांना तो मोकळा वाटला होता. हेन्रिक हा त्या कारभाऱ्यांपैकी एक. कुठल्याशा थंड देशात राहायचा आणि त्याच थंडपणे लिहायचा.

चूक लिमयांना सापडली ती बिरदेव कोळेकरमुळे. बिरदेव जत तालुक्यातला. बाप-आजे मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडले, बिरदेवानं विहीर पाडून डाळिंब लावलं. त्याची मोटार एका हंगामात दोनदा जळाली. दोन्ही वेळा तिचं वायंडिंग भरून आणेपर्यंत बाग पाण्यावाचून तडफडली. तीन आठवडे खपून लिमयांनी कारण शोधलं: लाईट क्षणभर गेली आणि आली, की विहीर कोरडी आहे हे डबा साफ विसरायचा आणि कोरड्या विहिरीत मोटार फिरवत बसायचा. लिमयांनी त्यावर एक ओळ लिहिली. 'पाणी तळाला गेलं असेल, तर मोटार बंद कर.' बस्स. डबा सुधारला. आता ही ओळ जगाला द्यावी, म्हणजे आणखी कुणाची मोटार जळू नये, एवढ्या साध्या, निर्मळ हेतूनं त्यांनी ती पाठवली होती.

एका मिनिटात ती परत आली. माणसानं बघायच्या आत यंत्रानंच ती हाकलली होती. कारण काय, तर ओळ समासापासून आत सरकवताना लिमयांनी चार वेळा मोकळ्या जागेचं बटण दाबलं होतं. प्रकल्पाच्या लेखननियमांत टॅबचं बटण एकदाच दाबायला सांगितलं होतं.

"दिसायला फरक काय?" लिमयांनी लॅपटॉप बायकोपुढे धरला. "बघ. तूच सांग, काय फरक दिसतो?"

"काही नाही."

"मग!"

"पण नियम असेल ना तसा."

लिमयांनी टॅब दाबून ओळ पुन्हा पाठवली. पुन्हा परत. ओळ संपल्यावर शेवटी एक मोकळी जागा राहिली होती. ज्याच्यापुढे काहीच नाही अशी, कुणाच्या बापाला न दिसणारी मोकळी जागा. लिमयांनी तीही पुसली. मग यंत्राचं समाधान झालं आणि हेन्रिक आला. आभार मानून त्यानं विचारलं, की तुम्ही पाणी तळाला गेल्याच्या खुणेला 'कोरडी' असं नाव दिलं आहे, त्याचा अर्थ काय? नावं सर्वांना कळतील अशी द्यावीत.

"बिरदेवला कळतं! मला कळतं! विहिरीला कळतं!" लिमये कडाडले. "त्याला नाही कळत तर त्यानं शिकावं. आम्ही नाही शिकलो यांचे शब्द?"

पण बिरदेवची बाग डोळ्यांपुढे आली आणि त्यांनी नाव बदललं. मग हेन्रिकनं आभार मानून दुरुस्तीच्या शीर्षकाला हात घातला. लिमयांनी लिहिलं होतं, 'मोटार बंद न होण्याची चूक दुरुस्त केली.' नियमाप्रमाणे हवं होतं, 'चूक दुरुस्त कर.'

"आज्ञार्थ," शरयूताई म्हणाल्या.

"पण आज्ञा कुणाला? दुरुस्त मीच केली ना? मग मीच मला सांगू, की दुरुस्त कर?"

"अहो, पद्धत असते एकेकाची. मी नाही का ऱ्हस्व-दीर्घाला गुण कापत?"

"उत्तर बरोबर असेल तरी?"

"बरोबर असेल तरी."

लिमये बायकोकडे बघतच राहिले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. "म्हणजे घरातच हेन्रिक पाळलाय मी," ते म्हणाले आणि चप्पल घालून वर्कशॉपात गेले.

दहा गोष्टी त्यांनी गिळल्या. अकरावी मात्र घशाखाली उतरेना. 'तर मोटार बंद कर' ही आज्ञा महिरपी कंसात घाला, असं हेन्रिक म्हणत होता. 'तर'च्या पुढे एकाहून जास्त आज्ञा असतील, तर त्या कंसात एकत्र बांधाव्या लागतात हे लिमयांना ठाऊक होतं. पण इथं आज्ञा एकच! एकट्या आज्ञेला कंस नसला तरी यंत्राला काडीचा फरक पडत नाही. तरीही प्रकल्पाचा नियम होता, की आज्ञा एक असो की शंभर, कंस पाहिजेच.

इथं लिमयांचा स्वाभिमान जागा झाला. त्यांनी शब्दकोश उघडला आणि आयुष्यातलं सर्वांत लांब इंग्रजी पत्र लिहिलं. चार पानं. 'एका गणपतीपुढे चार कमानी उभारतात काय? एकट्या माणसाला पंगत मांडतात काय? जो नियम यंत्राला नको आणि माणसाला जाच आहे, तो कुणासाठी? असल्या नियमांनी तुम्ही माझ्यासारख्या कष्टकरी माणसाला दारातून हाकलता आणि तिकडे मोटारी जळतात!' शेवटी 'आपला संतप्त' असं लिहून त्यांनी खाली पूर्ण नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'आपल्या सविस्तर पत्राबद्दल मनःपूर्वक आभार. ते आम्ही सर्वांपुढे चर्चेला ठेवत आहोत. तोपर्यंत कृपया कंस घाला.'

लिमयांनी त्या प्रकल्पाचे सगळे निरोप बंद केले, आणि चुकून एखादा यायला नको म्हणून मोबाईलचा आवाजही बंद करून टाकला.

बिरदेव मात्र शरयूताईंच्या फोनवर आला. "आवं लिमयेसायेब, कवा येनार त्यो तुमचा नवा मेंदू? दोन दिस झालं, लाईट नुसती उघडझाप करतीया. मोटार परत जळाली तर बाग गेलीच म्हना."

"येतो. शनिवारी येतो. त्यांच्या नाकावर टिच्चून येतो."

"कुनाच्या?"

"ते सोड."

"आन् येक काम करा की. हीर कोरडी पडून मोटार बंद झाली, की मला तसा फोन बी येऊ द्या. सकाळी 'भरल्याली हाय' म्हनून येतोय न्हवं, तसाच."

डब्याला बोलता यायचं. आत दहा नंबर साठवायची सोय होती आणि लिमयांनी स्वतःच्या आवाजात वाक्यं भरली होती. रोज सकाळी डबा दहाही जणांना फोन करून खणखणीत, शुद्ध आवाजात सांगायचा, 'विहीर भरलेली आहे. मोटार सुरू झाली.' लिमयांनी लगेच नवं वाक्य भरलं, 'विहीर कोरडी आहे. मोटार बंद केली.' आणि 'मोटार बंद कर' या ओळीच्या खाली, अगदी तिच्या पायाशी पाय जुळवून, दुसरी ओळ लिहिली: 'दहा जणांना फोन कर.' मुद्दाम चार वेळा मोकळी जागा दाबून. दोन्ही ओळी एकाखाली एक जुळ्या भावांसारख्या देखण्या दिसत होत्या. कंसाचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही. मग वर्कशॉपातल्या पाण्याच्या बादलीत सोडलेली डब्याची तार बाहेर काढून त्यांनी डब्याला कोरडी विहीर दाखवली. मोटार बंद. फोन आला. छान! भरलेली विहीर दाखवून बघायचं मात्र राहिलं. रागात माणूस अर्धंच तपासतो.

शनिवारी सकाळी त्यांनी बिरदेवाच्या विहिरीवर डब्यात नवा मेंदू घातला, चोरांच्या भीतीनं डब्याला कुलूप लावलं, बिरदेवाच्या आईच्या, हरणाबाईच्या हातची भाकरी खाल्ली आणि अकराला गाडी काढली. त्या दिवशी शेतीची लाईट दुपारी बाराला यायची होती. नवा मेंदू सुरू व्हायला एकदा लाईट यावी लागायची. बाराला ती आली, डबा जागा झाला, आणि लिमये खुशीत शीळ घालत मिरजेकडे निघालेले होते.

दोन वाजता ते घरी पोचले तेव्हा शरयूताई दारातच फोन घेऊन उभ्या होत्या. शाळा सुटल्यापासून त्यांनी तो कानावरून खाली ठेवलेला नव्हता.

"कुठं होतात? तुमचा फोन काय विहिरीत टाकलात? घ्या. बिरदेव."

"सायेब!" बिरदेवाचा आवाज रडवेला झाला होता. "डबा याडा झाला! दर पाच मिन्टाला फोन करतुया. 'हीर कोरडी हाय, हीर कोरडी हाय.' आवं, हीर काठोकाठ भरल्याली हाय! मोटार बी चालूच हाय!"

"मेन स्विच पाड."

"पाडला. तरी बोलतुया, म्हनून परत वर केला. तुमीच न्हवं का आत बॅटरी घातली, लाईट गेली तरी बोलाय पायजे म्हनून?"

"मग वायर उपट."

"कुलूप तुमी लावलंय! किल्ली तुमच्यापाशी!"

लिमयांनी खिशात हात घातला. किल्ली होती.

"आईनं डब्याला घोंगडं गुंडाळलंय, तरी थांबंना. आन् सायेब, फोन नुसता मला न्हाई, धाही जनांस्नी जातोय. सरपंचाला, जनावराच्या डाक्टरला... आन् मलकापूरच्या पाव्हन्यांना."

"कुठले पाहुणे?"

तेव्हा कळलं. बिरदेवाच्या मुलासाठी, सिद्धूसाठी, कऱ्हाडजवळच्या मलकापूरच्या आकाराम पाटलांची मुलगी अपेक्षा बघितली होती. मुलगा पसंत होता, घर पसंत होतं. आकारामना एकच घोर होता, की नदीकाठची पोर दुष्काळी भागात कशी द्यायची? म्हणून बिरदेवानं महिन्याभरापूर्वी हुशारी करून आकारामांचा नंबर डब्यात घातला होता. रोज सकाळी भावी व्याह्याला परस्पर बातमी जायची, विहीर भरलेली आहे. महिनाभर रोज ऐकून आकाराम विरघळत आले होते. येत्या गुरुवारी सुपारी फुटायची होती. आणि आज बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी तोच भारदस्त आवाज त्यांना सांगत होता, की विहीर कोरडी आहे.

"पाव्हनं गाडी काडून निगाल्यात सायेब. सवता हीर बघाय."

लिमये तसेच उपाशी गाडीत बसले. या खेपेला शरयूताईही शेजारी बसल्या. वाटेत लिमये हेन्रिकला, वीजमंडळाला, डाळिंबांना आणि मोबाईल कंपन्यांना बोलत होते. कवठे महांकाळ मागे पडल्यावर शरयूताई म्हणाल्या, "तुमच्याकडून तर काही चुकलं नसेल ना?"

"माझ्याकडून? ओळी दोन! दोन ओळींत काय चुकणार?"

ते विहिरीवर पोचले आणि मागोमाग मलकापूरची गाडी आली. आकाराम उतरले, त्यांच्यामागून अपेक्षा उतरली. ज्या घरात आपल्याला नांदायचंय तिथली विहीर आपणच बघणार, म्हणून ती हट्टानं आली होती. सिद्धू बांधावर उभा होता, तो तिला बघून आणखी दोन पावलं मागे सरकला. आकाराम सरळ विहिरीच्या काठावर गेले आणि वाकून बघितलं. पाणी हाताला लागेल इतकं वर होतं.

बिरदेवाचा जीव भांड्यात पडला. "बगा पाव्हनं! हाय का न्हाई?"

"हाय," आकाराम म्हणाले. मग त्यांचे डोळे बारीक झाले. "दुपारी बाराला कोरडी, आन् चारला काठोकाठ. किती टँकर वतलं, बिरदेव?"

"आँ?"

"मी येतूय म्हनल्यावर भरली न्हवं? फशीवताय आमाला? त्यो सरकारी मानूस खरं बोलत हुता म्हना की!"

"कोण सरकारी माणूस?" शरयूताईंनी विचारलं.

"ह्यो फोनवाला. लय शुद्ध बोलतुया. तलाठी न्हाईतर पानीखात्यातला असनार. त्यो कशाला खोटं बोलंल?"

तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन वाजला. आकारामांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. 'विहीर कोरडी आहे. मोटार बंद केली.' बाजूला मोटार धडधडत होती आणि पाटात पाणी पडत होतं.

लिमयांना राहवलं नाही. "अहो, तो मी आहे!"

आकारामांनी त्यांना खालपासून वर बघितलं. "आवाज वळकला. पन तुमी हितं गप हुबं हायसा, मग फोनात बोलतंय कोन?"

लिमयांनी घोंगडं सोडलं, कुलूप काढलं, मेन स्विच पाडला, बॅटरीची वायर उपटली आणि बांधावर बसून लॅपटॉप उघडला. सगळे भोवती जमले. त्यांनी ओळी वाचल्या. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

'तर'च्या पुढे कंस नव्हता. कंस नसला की यंत्र पहिलीच आज्ञा 'तर'ची धरतं. खालची दुसरी आज्ञा डोळ्यांना कितीही जुळी दिसली, तरी यंत्राच्या लेखी ती मोकाट होती. विहीर कोरडी असो की भरलेली, डबा दर पाच मिनिटांनी पाणी तपासायचा आणि इमानेइतबारे दहा जणांना फोन करायचा.

"काय झालं?" शरयूताईंनी विचारलं.

"कंस," लिमये पुटपुटले.

"कुठले? महिरपी?"

"ओरडू नकोस."

पण सांगणं भाग होतं. नाहीतर सुपारी मोडत होती. लिमयांनी कसंबसं समजावलं, की दोन आज्ञा होत्या, त्या एकत्र बांधायच्या राहिल्या, म्हणून दुसरी सुटली. आकारामांना ते पटेना. बिरदेवाला कळेना. इतका वेळ उकिडव्या बसून ऐकणारी हरणाबाई मात्र एकदम म्हणाली, "म्हंजी वाघर लावली न्हाई म्हना की."

"वाघर?"

"आवं, मेंढरं बसवली की भवतीनं जाळी लावतूय आमी. तीच वाघर. तुमची दोन मेंढरं हुती, वाघर न्हाई लावली. येक बसलं गप, दुसरं गेलं शेजाऱ्याच्या रानात. मेंढराचा काय दोस त्यात?"

अपेक्षा खुदकन हसली. "बाबा, तसंच झालंय. आमच्या कॉलेजात बी हीच चूक करत्यात पोरं." ती लॅपटॉपजवळ वाकली. "बगा, हितनं हितवर कंस पायजे हुता."

"पण आजी," लिमयांना हार मानवेना, "दोन असली तर लावावी, हे मलाही कळतं. सुरुवातीला माझं एकच होतं! एकट्या मेंढराला कशाला वाघर?"

हरणाबाईनं अडाण्याकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं. "येक असलं तरी लावायची. सकाळपतूर व्यालं म्हंजी?"

लिमयांच्या चार पानांच्या पत्रात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

त्यांनी तिथंच बांधावर बसून कंस घातले आणि डबा पुन्हा जोडला. या खेपेला कोरडी विहीर दाखवली आणि भरलेलीही दाखवली. भरलेल्या विहिरीवर डबा पंधरा मिनिटं गप्प बसला. आकाराम घड्याळ घेऊन समोर उभे होते. मग ते पुन्हा विहिरीवर गेले, बादली सोडली, वर ओढून ओंजळभर पाणी प्याले आणि "टँकरचं न्हाई, हिरीचंच हाय," असं म्हणाले. चहा आला. निघताना अपेक्षा बांधापाशी थांबली आणि सिद्धूला म्हणाली, "डब्यातला बाबांचा नंबर काडून टाका. माजा घाला." सिद्धूनं एवढ्या जोरात मान हलवली की टोपी पाटात पडली.

रविवारी लिमयांनी दोन्ही ओळी पुन्हा पाठवल्या. टॅब एकच, शेवटी मोकळी जागा नाही, शीर्षक आज्ञार्थी आणि कंस जिथल्या तिथं. हेन्रिकनं आभार मानले आणि पहिल्यांदाच खाली काही लिहिलं नाही. ओळी आत गेल्या. लिमये दिवसभर वर्कशॉपात हसत होते. शरयूताईंनी शेवग्याची आमटी केली होती, तिलाही त्यांनी नावं ठेवली नाहीत.

बुधवारी संध्याकाळी मात्र आतून पुन्हा टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला. शरयूताई धावत आल्या. लिमये शब्दकोश उघडून तावातावानं टाइप करत होते.

"आता काय झालं? पुन्हा नाकारलं?"

"नियम काढून टाकतायत! एका ओळीला कंस नको म्हणे, ज्याला हवा त्यानं घालावा. मतदान ठेवलंय. अठरा जणांनी हो म्हटलंसुद्धा! अगं, मोटारी जळतील, लग्नं मोडतील! यांना काही जबाबदारी आहे की नाही?"

"पण तो हेन्रिक तर इतका कडक होता."

"विरघळला! कुणा शहाण्यानं म्हणे चार पानी पत्र लिहिलं, ते वाचून सगळ्यांना पटलं. 'अत्यंत प्रभावी विवेचन' म्हणे. यात कसलं विवेचन? नुसता आक्रस्ताळेपणा! एका माणसाच्या हट्टापायी जगाचा नियम मोडायचा?"

"कुठला आहे तो?" शरयूताईंनी विचारलं.

लिमयांची बोटं थांबली. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातला.

"माधवनगरचा," ते म्हणाले आणि पुढची ओळ आणखी जोरात टाइप करू लागले.